हसवणाऱ्याची तबियत कोण विचारतो?

वाचकहो, इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोड्या अंतरावर विंचेल्सी नावाचे एक टुमदार गाव आहे. तिथल्या सेंट थॉमस चर्चच्या आवारात एक कबर आहे. तिच्या दगडावर आयरिश भाषेत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा: "मी आजारी आहे, असे मी तुम्हाला सांगितले होते ना!"

येणारे-जाणारे ती ओळ वाचतात, हसतात, फोटो काढतात. आत झोपलेल्या माणसाला नेमके तेच हवे होते. आयुष्यभर त्याने लोकांना हसवले आणि मेल्यावरही तो हसवतो आहे.

पण ती ओळ पुन्हा एकदा वाचा. त्यात एक तक्रारही आहे. मी सांगत होतो, तुम्ही ऐकले नाही, अशी.

या माणसाचे नाव स्पाइक मिलिगन. ब्रिटनच्या रेडिओ-टीव्हीवरच्या विनोदाचा चेहरा ज्यांनी कायमचा बदलला, त्यांत याचे नाव फार वर घेतात. आणि आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट म्हणजे हा माणूस आपल्याकडचा. त्याचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. निजामशाहीचे आणि चाँदबिबीचे नगर आपल्याला ठाऊक असते. लष्करी छावणीचे नगरही ठाऊक असते. त्याच छावणीच्या एका घरात या विदूषकाने पहिल्यांदा डोळे उघडले.

पाळण्यातले नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. वडील लिओ मिलिगन मूळचे आयर्लंडचे आणि ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात नोकरीला. आई इंग्रज. लिओसाहेबांचा पेशा बंदुकीचा असला तरी ओढा रंगमंचाकडे होता. छावणीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते हौसेने भाग घेत, काउबॉयच्या वेषात पिस्तुले फिरवून दाखवीत. मुलाला हा वारसा घरातूनच मिळाला.

स्पाइकचे बालपण पुण्याच्या कॅम्पात आणि पुढे रंगूनला गेले. ऊन, धूळ, बँडचे सूर, घोड्यांच्या टापा आणि बाजारातल्या हाका. पुढे इंग्लंडच्या पावसात त्याला आयुष्यभर याच गोष्टी आठवत राहिल्या. पुण्यात कॉन्व्हेंट शाळेत असताना नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचे काम मिळाले. नाटकाच्या शेवटी सगळी पात्रे बाळ येशूच्या पाळण्याभोवती उभी राहणार होती. विदूषकाने मात्र पडद्यामागेच थांबायचे, असे त्याला सांगण्यात आले. आठ वर्षांच्या पोराला हे पटले नाही. तो सरळ पुढे घुसला आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. म्हातारपणीही तो हा किस्सा सांगायचा. विदूषकालाही या जगात जागा असली पाहिजे, असे त्या वयातच आपल्याला वाटले होते, असे त्याचे म्हणणे.

ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

1931 साली लिओसाहेबांची नोकरी संपली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. परतले म्हणायचे ते आईवडिलांसाठी. स्पाइकसाठी तो परका मुलुख होता. हिंदुस्थानात साहेबाचे घर, हाताखाली नोकरचाकर. लंडनच्या दक्षिण भागात मात्र अपुरी जागा, थंडी, धुके आणि पैशांची चणचण. साहेबाचा मुलगा एका प्रवासात गरिबाचा मुलगा झाला. मुलाने लवकरच शाळा सोडली आणि मिळेल ती लहानसहान कामे केली. जीव मात्र संगीतात होता. ट्रम्पेट आणि गिटार शिकून तो जॅझच्या बँडमध्ये वाजवू लागला. 'स्पाइक' हे नावही त्याने रेडिओवर ऐकलेल्या एका अमेरिकी बँडवाल्याच्या नावावरून उचलले.

मग दुसरे महायुद्ध आले. 1940 मध्ये त्याला सैन्यात बोलावले गेले. काम तोफखान्यात, हुद्दा साधा गोलंदाज. 1943 मध्ये त्याची पलटण उत्तर आफ्रिकेत अल्जीरियाला उतरली. तिथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एक भली मोठी तोफ नीट रोवली गेली नव्हती. गोळा सुटताच ती मागे घरंगळली आणि थेट कड्याखाली गेली. खाली तळ ठोकून बसलेल्या दुसऱ्या पलटणीच्या तंबूत एक सैनिक डोकावला आणि त्याने अगदी अदबीने विचारले, "इथे कुणी एखादी तोफ पाहिली का?" आतून उत्तर आले, "कोणत्या रंगाची?" विचारणारा होता स्पाइक आणि उत्तर देणारा हॅरी सीकोम, पुढे त्याचा जन्मभराचा मित्र झालेला. तिखटमीठ लावून दोघेही हा किस्सा सांगत असत.

पण युद्ध म्हणजे किस्से नव्हेत. जानेवारी 1944 मध्ये इटलीत मोन्ते कासिनोच्या आघाडीवर उखळी तोफेचा गोळा त्याच्याजवळ फुटला. पायाला जखम झाली. ती भरलीही. न भरणारी जखम दुसरीकडे झाली होती. हात थरथरायचे, बोलताना जीभ अडखळायची, तोफेचा आवाज झाला की रडू फुटायचे. अशा अवस्थेत त्याला पुन्हा आघाडीवर पाठवले गेले. तो उभा राहू शकला नाही, तेव्हा वरिष्ठाने त्याच्या बाहीवरची छोटीशी बढतीची पट्टी काढून घेतली. त्याला वाटले, हा घाबरट आहे.

आज आपण याला मनावर झालेला आघात म्हणतो आणि त्यावर उपचार करतो. त्या दिवशी त्या जवानाच्या पदरात अपमान पडला. आजारी माणसाला आजारी न म्हणता कमजोर म्हणायचे, ही रीत फक्त आपल्याकडची नाही, एवढे यातून कळते.

आघाडीवरून हटवल्यावर त्याला सैनिकांच्या करमणुकीच्या पथकात टाकण्यात आले. तिथे तो गिटार वाजवू लागला, नकला करू लागला आणि युद्ध संपल्यावरही तिघांच्या एका वाद्यमेळासोबत इटलीभर हिंडला. लंडनला परतल्यावर हॅरी सीकोम भेटलाच. त्याच्यामार्फत पीटर सेलर्स आणि मायकल बेंटीन भेटले. चौघेही युद्धातून आलेले, चौघांनाही ऑफिसरी थाट, खोटी शिस्त आणि पोकळ देशभक्तीची भाषणे यांचा मनस्वी कंटाळा. 28 मे 1951 रोजी बीबीसी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे 'द गून शो' म्हणून गाजला.

या कार्यक्रमात काय असायचे? सरळ सांगायचे तर वेडेपणा. त्याआधी रेडिओवरचा विनोद म्हणजे एकाने चुटका सांगायचा, दुसऱ्याने दाद द्यायची. स्पाइकने आवाजाचे एक वेगळेच जग उभे केले. रेडिओवर दिसत काहीच नाही, म्हणजे दाखवता काहीही येते, हे त्याने ओळखले. एखादी भिंत पळत सुटू शकते, माणूस स्फोटात उडून पुढच्या वाक्याला हजर होऊ शकतो. हवा तो आवाज मिळावा म्हणून त्याने बीबीसीच्या कँटीनमध्ये कस्टर्ड करून घेतले, ते आपल्याच मोज्यांत भरले आणि ते मोजे आपटून पाहिले, असे सांगतात. त्यात तो स्वतः मठ्ठ पण निरागस एक्लिसचा आवाज काढायचा, कधी एखादी म्हातारी व्हायचा. सेलर्स आणि तो मिळून लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन हिंदी बाबूही रंगवायचे. पुण्याचे कान असे लंडनला उपयोगी पडत होते.

कार्यक्रम जानेवारी 1960 पर्यंत चालला. देशभरचे लोक रेडिओभोवती बसत. त्यांत एक लहान मुलगा होता, तो आज ब्रिटनचा राजा चार्ल्स आहे. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन नावाचा एक शाळकरी मुलगाही हा कार्यक्रम कान देऊन ऐकायचा. पुढे त्याने 'बीटल्स' हा गायकांचा संच काढला.

आता पडद्यामागे येऊ.

वर्षातले सहा-सहा महिने, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा मजकूर. लिहिणारा मुख्यतः एकटा स्पाइक. तोच पुन्हा अभिनयही करणार. ताल चुकला, आवाज मनासारखा आला नाही, तर बीबीसीच्या साहेबांशी भांडण. रात्र-रात्र जागरण. 1952 चे वर्ष संपत आले तेव्हा त्याच्या घरी नुकतेच पहिले मूल जन्मले होते आणि त्याचा तोल पूर्णपणे गेला. शेजारी राहणाऱ्या पीटर सेलर्सला आपल्याला मारून टाकायचे आहे, असे त्याच्या डोक्यात आले. बटाटे सोलायची सुरी घेऊन तो निघाला, वाटेतल्या काचेच्या दारातून आरपार गेला आणि रक्तबंबाळ झाला. त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल करावे लागले.

काही आठवडे कार्यक्रम त्याच्याशिवाय झाला. आणि यातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील असा की, इस्पितळाच्या खाटेवरूनही त्याने पुढच्या भागांचे लिखाण सुरूच ठेवले. लोकांना हसायचे होते. शो चालू राहिला पाहिजे होता.

त्याला झालेल्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. काही दिवस माणूस वाऱ्यावर स्वार असतो, झोप नको, जेवण नको, डोक्यात शंभर कल्पना. मग एके दिवशी विहिरीत पडल्यासारखा तो खाली जातो. अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे वाटते. स्पाइकच्या आयुष्यात असे मोठे झटके पुन्हा पुन्हा आले. प्रत्येक वेळी तो उठला, लिहू लागला, आणि लोक म्हणाले, 'पाहा, बरा झाला.'

वाचकहो, इथे मला माझे मामू आठवतात. आमच्या खानदानात निकाह असो की ईदची दावत, मामू आले की मैफल सुरू. कडक स्वभावाच्या नानांनासुद्धा ते हसवायचे. कोणाचीही नक्कल करून दाखवायचे. आम्ही मुले तर त्यांच्याभोवती फेर धरून बसायचो. एका वर्षी रमजान ईदला जेवणानंतर ते हळू आवाजात अम्मीला म्हणाले, "आपा, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. कशातच मन लागत नाही. आपल्याला काहीतरी झालंय." अम्मी काही बोलायच्या आत माझे खालू मोठ्याने म्हणाले, "तुम्ही आणि आजारी? अहो, तुम्ही तर आजाऱ्याला हसवून उठवाल!" सगळे हसले. मीही हसले. मामूसुद्धा हसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे ते एका खोलीत बसून होते. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले कामचोरपणा आहे, कोणी म्हणाले नाटक आहे, पहिल्यापासून नाटक्याच तो. शेवटी नात्यातल्याच एका डॉक्टर मुलीने हट्ट धरून त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. औषधे सुरू झाली. मामू पूर्वीसारखे झाले नाहीत, पण अंगणात येऊन बसू लागले, नातवंडांशी बोलू लागले. आता ते हयात नाहीत. पण ती ईदची दुपार माझ्या मनातून जात नाही. त्यांनी सांगितले होते. आम्ही हसलो होतो.

म्हणून विंचेल्सीच्या दगडावरची ती ओळ मला नुसता विनोद वाटत नाही.

पुन्हा स्पाइककडे वळू. रेडिओनंतर टीव्हीचा जमाना आला. मार्च 1969 मध्ये बीबीसीवर त्याचा 'क्यू फाइव्ह' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एखादे प्रहसन शेवटाला पोहोचायच्या आतच पात्रे ते सोडून द्यायची आणि दुसरेच काहीतरी सुरू व्हायचे. शेवटी टाळी घेणारे वाक्य हवेच कशाला, असा त्याचा सवाल होता. त्याच वेळी काही तरुण विनोदी लेखक अशाच धाटणीचा कार्यक्रम आखत होते. आपल्या डोक्यातले याने आधीच करून टाकले, हे पाहून ते थक्क झाले. मग त्यांनी स्पाइकचाच दिग्दर्शक आपल्याकडे घेतला. त्यांचा कार्यक्रम म्हणजे जगभर गाजलेला 'मॉन्टी पायथन'. लोक पुढे त्यांना विसरले नाहीत. वाट पाडणारा मात्र मागे राहिला, याची खंत स्पाइकला होती.

पण याच 1969 सालात त्याने आणखी एक काम केले आणि त्याबद्दल आपल्या घरांत बोलायलाच हवे. 'करी अँड चिप्स' नावाची एक मालिका आली. कथा एका कारखान्यातली. तिथे एक नवा कामगार येतो, अर्धा आयरिश आणि अर्धा पाकिस्तानी. ही भूमिका स्पाइकने केली, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून आणि तोंडी मोडके इंग्रजी घालून. कारखान्यातले लोक त्याला वंशावरून हिणवणाऱ्या नावांनी हाक मारत आणि प्रेक्षकांतून हशा उसळे.

काळ कोणता होता, ते पाहा. आदल्याच वर्षी, एप्रिल 1968 मध्ये, इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध जहरी भाषण केले होते. पाकिस्तानातून आणि हिंदुस्थानातून आलेली माणसे गिरण्यांत रात्रपाळी करत होती, बस चालवत होती. त्यांच्या मुलांना रस्त्यात 'पाकी' म्हणून शिवी दिली जात होती, मारहाण होत होती. लेखक जॉनी स्पाइट आणि स्पाइक यांचे म्हणणे असे की, आम्ही द्वेष करणाऱ्यांचीच टर उडवतो आहोत. त्यांचा हेतू तसा असेलही. पण पडद्यावरचा हशा कोणावर होता, हे दुसऱ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या सावळ्या मुलाला विचारायला हवे होते. तक्रारी झाल्या आणि सहा भागांनंतर टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने ती मालिका थांबवली. यातून धडा घेतला गेला म्हणावे, तर 1975 मध्ये त्याने बीबीसीसाठी पुन्हा तशीच पाकिस्तानी स्थलांतरिताची भूमिका केली. तिचा पहिला भाग दाखवल्यानंतर बीबीसीने पुढचे भाग दाखवलेच नाहीत.

जो स्वतः परक्या मुलखात परका म्हणून उतरला, ज्याने अपमान सोसला, त्यालाही दुसऱ्याच्या अपमानाची धार कळली नाही. हे मी त्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपण सगळेच असे चुकतो. घरात कोणी तोतरे बोलते, कोणी काळे असते, कोणाच्या माहेरची बोली वेगळी असते. आपण म्हणतो, 'गंमत केली, मनावर काय घेतेस?' हसणारे दहा असतात आणि गप्प बसणारा एक. थट्टा गोड होती की कडू, हे ठरवण्याचा हक्क त्या गप्प बसलेल्याचा असतो.

पुढे काळ बदलला, हेही सांगितले पाहिजे. 1998 मध्ये बीबीसी टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आले. ब्रिटनमध्ये वाढलेली आपल्या उपखंडाची मुले आता स्वतःच लिहीत होती, स्वतःच अभिनय करत होती. त्यांच्या एका प्रहसनात हिंदी मंडळी 'इंग्रजी जेवायला' जातात आणि वेटरला तसेच छळतात, जसे गोरे लोक हिंदी हॉटेलात छळत. 2012 मध्ये आदिल रे या कलाकाराने बर्मिंगहॅममधल्या पाकिस्तानी मुस्लिम कुटुंबावर 'सिटिझन खान' ही मालिका आणली. तिच्यावरही वाद झाले, आपल्याच लोकांनी तक्रारी केल्या. पण निदान चेहऱ्याला रंग फासावा लागला नाही. आपल्यावर हसायचे की नाही, याचा वाद आपल्या घरातच झाला.

स्पाइकच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट मला याच्याच शेजारी ठेवाविशी वाटते. ती आहे कागदपत्रांची. जन्म ब्रिटिश साम्राज्यात, वडील त्याच साम्राज्याचे सैनिक, आणि स्वतः सहा वर्षे ब्रिटिश सैन्यात. तरी 1960 च्या सुमारास कायदे बदलू लागले. त्याने ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की आधी राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. त्याचे म्हणणे, ज्या देशासाठी अंगावर गोळा झेलला, त्याला आता निष्ठेचा पुरावा कसला द्यायचा? त्याने शपथ नाकारली, पासपोर्ट मिळाला नाही. ना इकडचा ना तिकडचा, अशी गत झाली. अखेर वडिलांच्या जन्माच्या आधारावर 1962 मध्ये तो आयर्लंडचा नागरिक झाला आणि मरेपर्यंत आयरिशच राहिला. आयुष्य गेले इंग्लंडमध्ये, हसवले इंग्लंडला, पण कागदोपत्री परदेशी. बाप कुठे जन्मला, आजोबा कुठे जन्मले, हे विचारणाऱ्या टेबलासमोर उभे राहणे काय असते, ते समजायला आपल्या वाचकांना फार कष्ट पडू नयेत.

1971 पासून त्याने आपल्या युद्धातल्या आठवणी लिहायला घेतल्या. वीस वर्षांत सात पुस्तके झाली. पहिल्याचे नावच असे की, हिटलरच्या पाडावात आपला वाटा किती, हे तो सांगतो आहे असे वाटावे. वाचताना माणूस खदखदून हसतो आणि पान उलटले की एखाद्या मित्राच्या मृत्यूने सुन्न होतो. लहान मुलांसाठी त्याने निरर्थक शब्दांची, नुसत्या नादाची गाणी लिहिली. त्यांतले 'ऑन द निंग नँग नाँग' आजही इंग्लंडच्या शाळांत मुलांच्या तोंडी आहे. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये पऱ्या आणि बुटके कोरलेले एक जुने झाडाचे खोड आहे. ते मोडकळीस आले, तेव्हा यानेच पुढाकार घेऊन त्याची दुरुस्ती करवली.

घरातले जीवन मात्र सोपे नव्हते. तीन लग्ने झाली. पहिले मोडले. दुसरी पत्नी 1978 मध्ये कर्करोगाने गेली. मुलांवर त्याचा फार जीव, पण काळोखाचे दिवस आले की तो स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचा. अशा माणसाच्या घरच्यांनी काय सोसले असेल, हेही विसरू नये. आजार एकाचा असतो, जागरण सगळ्या घराचे.

तरी त्याने एक मोठे काम केले. ज्या काळात असे आजार लपवले जात, त्या काळात तो टीव्हीवर बसून उघड बोलला: मला हा आजार आहे, मी इस्पितळात राहिलो आहे, मी औषधे घेतो. 1993 मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत त्याने नैराश्यावर एक पुस्तकही केले. हसवणाराच असे बोलतो म्हटल्यावर अनेकांना आपल्या घरातल्या गप्प माणसाकडे नव्याने पाहावेसे वाटले असेल.

विनोदाने त्याला शेवटपर्यंत सोडले नाही. 1994 मध्ये विनोदी कलावंतांच्या सोहळ्यात त्याला जीवनगौरव देण्यात आला. त्या वेळी राजपुत्र चार्ल्सचे कौतुकाचे पत्र वाचले जात असताना हा मध्येच त्याला लाळघोट्या अशा अर्थाची शिवी देऊन मोकळा झाला. सभागृह हसून कोसळले. नंतर त्याने चार्ल्सला विचारले म्हणे, "आता सर ही पदवी मिळण्याची आशा सोडावी ना?" राजपुत्राने मनावर घेतले नाही. 2001 मध्ये त्याला मानद पदवी मिळाली. मानद अशासाठी की तो कागदोपत्री परदेशी.

त्याच वर्षी हॅरी सीकोम गेला. सीकोमचा गळा उत्तम होता, तो नावाजलेला गायक. स्पाइक म्हणाला, बरे झाले तो आधी गेला, नाहीतर माझ्या मय्यतीला गायला असता. 27 फेब्रुवारी 2002 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, चौघांतला हा शेवटचा गेला. आणि त्याच्या स्मरणसभेत सीकोमच्याच आवाजातली ध्वनिफीत लावण्यात आली! कबरीवरच्या ओळीला मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत परवानगी दिली नाही. मग मधला मार्ग निघाला, आयरिश भाषेत लिहा. तसा तो दगड 2004 मध्ये बसला.

पुण्याच्या शाळेतल्या त्या नाटकाकडे आता परत येऊ. विदूषकाने पडद्यामागे थांबावे, असे मोठ्यांचे म्हणणे होते. आपणही नकळत तेच करतो. घरातल्या हसऱ्या माणसाकडून आपल्याला फक्त हसणे हवे असते. त्याचे दुखणे, त्याची भीती, त्याची झोप न लागलेली रात्र आपल्याला नको असते. जो सगळ्यांची खैरियत विचारतो, त्याची खैरियत विचारायची राहूनच जाते.

म्हणून एवढेच करा. तुमच्या घरात असा कोणी असेल, भाऊ, दीर, फुफू, कॉलेजात जाणारा मुलगा, तर त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा, "तबियत कशी आहे?" तो हसून 'मजेत' म्हणाला, तर थोडे थांबून पुन्हा विचारा. खरे उत्तर बहुधा दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळते. आणि तो सांगू लागला, तर हसण्यावारी नेऊ नका, उपदेशही करू नका. ऐका. झोप, भूक आणि कामातले मन हे तिन्ही दोन आठवड्यांहून जास्त बिघडले असेल, तर डॉक्टरांकडे न्या. दुआ करा, जरूर करा, पण दवाही करा. एकीने दुसरीची जागा घेतली जात नाही. आपल्या देशात 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा दिवसरात्र, मोफत चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नगरच्या छावणीत जन्मलेल्या त्या माणसाने आपले गाऱ्हाणे दगडावर कोरून ठेवले. आपल्या माणसाला तशी वेळ येऊ देऊ नका. तो सांगेल, तेव्हा ऐका.